राजाने राजधानी का हलवली

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरात चमचा पडला. ठण्ण.

"चमचा. स्टीलचा. ओट्यावरून," सहावीच्या इतिहासाच्या बाई उत्तरपत्रिकांवरून मान वर न करता म्हणाल्या. "पाडणारा पुरुष, वय पस्तीस, साखरेच्या शोधात."

"मी तुझा नवरा आहे," आतून आवाज आला. "आणि हळू बोल, पिल्लू उठेल."

स्वतःच्या तपासबुद्धीबद्दल बाईंचं मत बरंच चांगलं होतं. घरातला हरवलेला मोजा असो की वर्गातला पळवलेला खडू, आपल्या नजरेतून काही सुटत नाही, अशी त्यांची खात्री होती. आजवर त्यांनी सात प्रकरणं हाती घेतली. सातही दुसऱ्याच कुणीतरी सोडवली, हा तपशील त्या किरकोळ समजत. इतिहास शिकवणं म्हणजे तरी काय, गेलेल्या माणसांची चौकशीच. आरोपी पळून जायची भीती नाही, एवढाच फरक.

आठवं प्रकरण मात्र गंभीर होतं. राजाने राजधानी का हलवली, असा चाचणीतला सरळ प्रश्न. पुस्तकातलं उत्तर, नदीने पात्र बदललं आणि पाणी तुटलं. बेचाळीस मुलांनी एकमुखाने लिहिलं होतं: राजाची कंबर धरली म्हणून.

"कॉपी," चहा घेऊन आलेल्या नवऱ्याला बाईंनी सांगितलं. "पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्याने सुरुवात केली, मग साथ पसरली."

"तो तर आजारी होता म्हणालीस. नंतर एकट्याने बसून पेपर दिला."

"मग शिकवणीचे मास्तर. माझ्यावर डूख धरून आहेत."

"ते गणित शिकवतात."

"म्हणून तर कुणाला संशय येत नाही. आणि हे बघ, चौतीस जणांनी लिहिलंय की राजा 'आई गं' म्हणाला. हा सांकेतिक शब्द आहे."

"मुलांनाच विचारून बघ ना."

"आरोपींना विचारून तपास होतो का कुठे?"

मुख्याध्यापिकांना उद्या द्यायचं पत्र अर्धं झालं होतं. सामूहिक कॉपी, सगळ्यांना शून्य, पालकांना बोलावणं. 'शून्य'पाशी पेन अडलं. वर्षाच्या सुरुवातीला हा वर्ग तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. बाईंनी पुस्तक मिटून इतिहास करून दाखवायला घेतला, तेव्हा कुठे हात वर यायला लागले. हे पत्र गेलं, की ते सगळे हात खाली जाणार होते. ते पुन्हा वर यायला किती वर्षं लागतील, कुणास ठाऊक.

तेवढ्यात पाच वर्षांचं पिल्लू डोळे चोळत आलं आणि पत्राला ढकलून मांडीवर चढलं.

"कुणाला ओरडतेयस?"

"वर्गातल्या ताई-दादांना. राजाची कंबर दुखली म्हणून त्याने गाव सोडलं, असं खोटंच लिहिलंय सगळ्यांनी."

"खोटं कुठे? पाळणाघर बंद होतं तेव्हा मी मागच्या बाकावर होते की. तू राजा झालीस. खुर्चीत बसलीस, 'आई गं' म्हणालीस. मग म्हणालीस, इथे काही बसवत नाही, आणि सगळं उचलून खिडकीपाशी गेलीस. आम्ही सगळे तुझ्या मागे आलो. मग घंटा झाली."

बाईंना धुण्याची बादली आठवली. त्या सकाळी ती उचलताना उसण भरली होती. नदीपर्यंत तास पोचलाच नव्हता. आणि चाचणीच्या आधी त्यांनीच मुलांना बजावलं होतं, पुस्तकातलं घोकून लिहू नका, स्वतः पाहिलं-ऐकलं तेच लिहा.

नवरा गडबडीने आत गेला आणि बराच वेळ खोकत राहिला.

बाईंनी पत्राचे चार तुकडे केले. "माझी चूक झाली, पिल्लू. त्यांनी खरं तेच लिहिलं. उद्या वर्गात कबूल करते आणि नदीचं नीट सांगते."

"नदीचं कुणी बघितलं?"

"पुस्तकात आहे ना."

पिल्लाने थोडा विचार केला. "आई, पुस्तक लिहिणारे तेव्हा कुठल्या बाकावर होते?"