पितळी पेनाने केलेली सही

"पेन पारखायचा तर मीच! माझ्यासारखी दुसरी कोणी असेल तर आणून दाखव!" असं बाईंनी फोनवर ठणकावून सांगितलं, आणि फोन जागेवर ठेवताना तो दोनदा हुकला. तिसऱ्यांदा कुठे बसला. हात कापत होता ना!

बाई म्हणजे सुलेखनाच्या बाई. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत अक्षर शिकवलं. सुरुवात केली तेव्हा टाक होते, दौती होत्या, प्रत्येक वहीत टीपकागद होता आणि प्रत्येक पोराच्या नाकावर शाई होती. कित्ता समोर ठेवायचा आणि त्याबरहुकूम गिरवायचं. कित्त्याशी जुळलं तर शाबासकी. नाही जुळलं तर बाईंचा एकच शब्द यायचा, "अंगठेबहाद्दर!" तो ऐकून भलीभली पोरं रडायची.

फोन होता कोंबडीपायचा, बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. शाईत पाय बुडवून कोंबडी वहीभर फिरावी, असं त्याचं अक्षर. बाईंनीच ठेवलेलं नाव. तोच आता पन्नाशीला आला होता आणि स्वतःच्या लेथवर धातूचे भारी पेन घडवत होता. पाच नमुने तयार होते, विकायला काढायचा होता एकच. "रूप कसं आहे आणि लिहायला कसा आहे, दोन्ही तुम्हीच बघायचं, बाई. तुम्ही बोट ठेवाल तो पेन!"

"वहिनी," आतून वन्सं म्हणाल्या, "साखरेचा चमचा कपापर्यंत नेता तेव्हा अर्धी साखर बशीत पडते तुमची. पेन कसले पारखताय?"

वन्सं म्हणजे बाईंची नणंद. दोघींचे नवरे गेल्यावर दोघी एका घरात राहायला लागल्या. सोबतीला कोणी असावं म्हणून, आणि भांडायलाही.

"पेन पारखायला डोकं लागतं, वन्सं."

"मग तर आशाच सोडा!"

बाईंना या पाच पेनांतून स्वतःसाठी एक हवा होता, आणि तो का हवा होता ते त्यांनी वन्संनाही सांगितलं नव्हतं.

त्याचं असं होतं. दर वर्षी पेन्शनच्या कचेरीत जाऊन आपण जिवंत असल्याची सही करावी लागे. दोन वर्षं ती सही जुळेना. गेल्या वर्षी कारकुनाने एक कोरं कार्ड पुढे सरकवलं. म्हणाला, "यावर तीन सह्या करा आजी, आणि पुढच्या वर्षी जुळवून दाखवा. नाही जुळली तर सरळ अंगठा." आजी म्हणाला त्याचं दुःख नव्हतं. पण अंगठा? छत्तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांना अंगठेबहाद्दर म्हटलं, त्यांचा अंगठा? बाईंनी रागारागाने तीन सह्या खरडल्या आणि त्या मागे वळून न पाहता बाहेर पडल्या. आता ती तारीख आठ दिवसांवर आली होती.

कारखान्यात तेलाचा वास आणि जमिनीवर धातूचे कुरळे छिलके. टेबलावर हिरव्या कापडावर पाच पेन मांडलेले. कोंबडीपाय हात बांधून उभा, जसा चौथीत उभा राहायचा. शेजारी त्याचा म्हातारा कारागीर, चष्मा कपाळावर.

बाईंनी पहिला उचलला. अॅल्युमिनियम. "अरे, हा हातात आहे की उडाला? माझा हात त्याला धरतोय की तो माझ्या हाताला हलवतोय?"

दुसरा पोलादाचा, आरशासारखा गुळगुळीत. "ओल्या साबणाची वडी! दोन ओळींत बोटं टोकापाशी!" तिसरा तांब्याचा. बाईंनी बोटं हुंगली. "लिहून झाल्यावर हात धुवावे लागतात, तो पेन की हापसा?" चौथा टायटॅनियमचा. कारागीर म्हणाला, यात सगळ्यात जास्त मेहनत आहे. बाई म्हणाल्या, "दिसते. पण मेहनत करणाऱ्याची दिसावी, पेनची दिसू नये."

चारही वेळा कागदावर सही उमटली ती गाडीत बसून केल्यासारखी. कोंबडीपायने ती पाहिली आणि तो छताकडे बघायला लागला. आता उरला एकच.

पाचवा पितळी होता. उचलताच मनगट खाली गेलं! वरवंट्याचं पिल्लू जसं. पकडीवर बारीक चौकड्या कोरलेल्या, कानशीसारख्या खरखरीत. तो बोटांत असा रुतून बसला की हलायची सोय नाही. बाईंनी श्वास रोखून सही केली.

आणि आली की हो! वीस वर्षांपूर्वीची सही! तीच वेलांटी, तोच शेवटचा फराटा, एकही कापरं नाही! बाईंनी पुन्हा केली. पुन्हा तीच! त्यांचे डोळे भरून आले.

"हाच!" त्या ओरडल्या. "काय शाई उतरते रे याची! लोण्यातून सुरी गेल्यासारखी! नाहीतर त्या चौघांची शाई. अडखळते काय, ठेचकाळते काय!"

कारागिराने चष्मा डोळ्यांवर घेतला. "पण बाई, पाचही पेनांत रिफिल एकच आहे. एकाच पाकिटातली."

बाईंचे कान लाल झाले.

"रिफिल एक असेल," त्या म्हणाल्या, "पण घराणी वेगळी आहेत!"

"वा, बाई!" कोंबडीपाय म्हणाला. त्याचा विश्वास इतका आंधळा की बाईंनी लाटणं दाखवून पेन म्हटलं असतं, तर त्याने त्यात रिफिल बसवली असती.

"पण लेखी शेरा आत्ता देणार नाही," बाई म्हणाल्या. "आठ दिवस वापरून बघते. मग देते." आणि पेन पर्समध्ये टाकला. पर्सचा पट्टा करकरला.

मग आठ दिवस घरात सह्यांचा पाऊस! वर्तमानपत्राच्या कडेला सही, वाणसामानाच्या यादीवर सही, वन्संच्या औषधाच्या खोक्यावर सही. दिवसाला दोनशे. पकडीच्या त्या कानशीने अंगठ्याची पार साल काढली. बाई अंगठ्याला तेल लावत आणि पुन्हा बसत.

"अहो, अंगठा की बटाटा? सोलून ठेवलाय नुसता!" वन्सं म्हणाल्या.

"राहू दे. मला अंगठ्याची गरज पडणारच नाही आता," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा सगळी हकिकत त्यांना सांगितली. वन्संनी ऐकून घेतलं. टोमणा मारला नाही. फक्त म्हणाल्या, "मी येते बरोबर."

सोमवारी कचेरीत कारकुनाने अर्ज पुढे केला. बाईंनी पर्समधून पितळी पेन काढला, तो टेबलावर ठेवला तेव्हा ठण्ण आवाज झाला आणि रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बाईंनी सही केली. मोत्यासारखी! वन्संनीसुद्धा मान डोलावली.

कारकुनाने कार्ड काढलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"जुळत नाही."

"काय?"

"ही फार सुंदर सही आहे, आजी. पण तुमची नाही."

त्याने कार्ड फिरवून दाखवलं. गेल्या वर्षी रागाने खरडलेल्या तीन सह्या. तीन कोंबड्या, शाईत बुडून, वादळातून चाललेल्या! बाईंनी कार्ड नाकाजवळ नेलं. छत्तीस वर्षं त्यांच्या मते जुळणं म्हणजे सुबक असणं. कारण कित्ता नेहमी सुबकच असायचा. या वेळी कित्ता कसा होता, हे त्यांनी बघितलंच नव्हतं!

"मग अंगठा लावा," कारकून म्हणाला.

आता काय राहिलं होतं? बाईंनी डोळे मिटले आणि छत्तीस वर्षांची अब्रू त्याने पुढे केलेल्या यंत्राच्या काचेवर ठेवली. यंत्र लाल झालं.

"पुसून ठेवा." लाल. "दाबून ठेवा." लाल.

"रेषाच नाहीत हो यांच्या अंगठ्यावर!" कारकून ओरडला.

"कशा असतील?" वन्सं म्हणाल्या. "आठ दिवस कानशीवर घासलाय."

कारकुनाने कपाळावर हात मारला. "सही तुमची नाही, अंगठा तुमचा नाही. मग आजी, तुम्ही जिवंत आहात हे मी मानायचं कशावरून?"

"दोन मिनिटं भांडून बघा," वन्सं म्हणाल्या, "खात्री पटेल."

बाईंच्या अंगाला कापरं सुटलं. रागाने, लाजेने, आणि कोंबडीपायला काय तोंड दाखवायचं या विचाराने. खिडकीला दोरीने एक प्लॅस्टिकचा पेन बांधलेला होता, टोपण नसलेला, टोक चावलेला. तो त्यांनी हिसकावला आणि जशी आली तशी सही फरफटली. शेवटच्या फराट्याला दोरी आखडली आणि पेन उडाला.

कारकुनाने कार्ड शेजारी धरलं. त्याचा चेहरा उजळला.

"शाबास, आजी! अगदी तंतोतंत!"

छत्तीस वर्षं बाईंनी शाबासक्या वाटल्या होत्या. आज एक मिळाली, ती याच्यासाठी.

संध्याकाळी कोंबडीपाय लेखी शेरा न्यायला आला. बाईंनी त्याला बसायला सांगितलं, पितळी पेन हातात घेतला आणि टपोऱ्या, देखण्या अक्षरात लिहिलं:

"रूप, दहापैकी दहा. लेखन, दहापैकी दहा. दोष एकच. अक्षर इतकं सुंदर येतं की लिहिणारा ओळखू येत नाही."

कोंबडीपायने ते दोनदा वाचलं आणि आनंदाने म्हणाला, "बाई, हे तर मी खोक्यावरच छापतो!"