भगवंतरावांची चरबी

वाशीमच्या डॉक्टरांनी काचेची नळी खिडकीतल्या उजेडात धरली, तेव्हा आवडाबाईंना वाटलं, यात दूध कशाला भरलं? खाली लाल आणि वर पांढरट, सायीसारखं दाट. ते त्यांच्या नवऱ्याचं रक्त होतं.

इंझोरीचे भगवंतराव भाजीपाला पिकवायचे आणि चार पावलं चालले की छाती दाबून उभे राहायचे. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात चरबी फार झाली आहे. पाटात गाळ बसतो तशी ती नसांत बसते, आणि वाट पुरती बुजली की माणूस जातो. मग तरुण डॉक्टरांचा चेहरा एकदम खुलला. विलायतेत म्हणे आता माणसाचं रक्त यंत्रात घेतात, त्यातला पाण्यासारखा भाग वेगळा करतात, त्यातली चरबी काढून टाकतात आणि साफ झालेलं रक्त पुन्हा त्याच माणसाच्या अंगात सोडतात. आवडाबाईंनी त्या न पाहिलेल्या यंत्राला मनोमन हात जोडले. ते आपल्याकडे येईस्तोवर तूप आणि तळण बंद, गोळ्या घ्यायच्या आणि हळूहळू वाढवत रोज भरपूर चालायचं, असं डॉक्टर म्हणाले.

भगवंतरावांनी यातला एकच शब्द ऐकला. आमच्या वऱ्हाडात चरबी रक्तात नसते, वागण्यात असते. ‘त्याले लय चरबी आली’ असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याला कधीतरी जोडा दाखवावा लागतो. भगवंतराव तर तोंडाचे असे फटकळ, की त्यांची बोलणी खाल्ली नाहीत असा माणूस पंचक्रोशीत सापडणं कठीण. डॉक्टरांनी मला चरबी आली म्हटलं, ही तक्रार त्यांनी परतीच्या एसटीत सगळ्यांना मोठ्यानं ऐकवली, आणि तिथंच घात झाला.

गावात कोणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एवढंच, की ती आता नळीत दिसते. दुकानदार गुलाबसिंग म्हणाला, असं यंत्र इंझोरीत आणा, त्यात आधी कोणाला घालायचं ते मी सांगतो. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून कित्येक वर्षं अबोला धरलेला धाकटा भाऊ चंपत कुंपणावरून म्हणाला, “मी सांगू तं खोटं वाटे. आता काचंत दिसली नं, भाऊ?”

हे मात्र भगवंतरावांना लागलं. घरी येऊन त्यांनी हळूच विचारलं, “खरंच दिसली का वं?”

ती चरबी वेगळी आणि ही वेगळी, हे सांगायला आवडाबाईंनी तोंड उघडलं. मग त्यांना आठवलं, रोडग्यावर तूप कमी वाढलं म्हणून या माणसानं ताट सरकवलं होतं. त्यांनी तोंड मिटलं, विचार केला आणि म्हणाल्या, “दिसली. बोटभर थर होता.”

“मंग कशी उतरते?”

“तूप बंद करा लागते. अन् ज्याले ज्याले टाकून बोलले, त्याच्या घरी पायी जाऊन माफी मांगा लागते.”

“असं डॉक्टर म्हणे?”

“पायी चालाचं डॉक्टरच म्हणे,” आवडाबाई म्हणाल्या, आणि चुलीकडे वळल्या.

केवढी ही बाईची अक्कल! दुखावलेली माणसं अमाप, त्यामुळे चालण्याला तोटा नव्हता. इंझोरी संपली तशा आसपासच्या वाड्या सुरू झाल्या. चंपतच्या घरी तर पुन्हा पुन्हा जावं लागलं, कारण त्याला ही माफी भलतीच गोड लागली आणि तो दर खेपेला अर्धंच माफ करायचा. शेवटी दोघे भाऊ विहिरीच्या काठावर बसून रडले, आणि “आधी तू पाणी घे” यावरून त्यांचं नवं भांडण लागलं.

छातीतली कळ थांबली, पण आवडाबाईंचा जीव वेगळ्याच काळजीनं पोखरला. नवरा गायीहून गरीब झाला. वरणात मीठ नसलं तरी “चांगलं झालं,” वाशीमकडच्या मालेगावच्या बाजारात व्यापाऱ्यानं वांगी मातीमोल मागितली तरी “तुमी म्हणान तसं.” जाणारं माणूस असंच आधी निवतं, असं त्यांना वाटायचं. विलायतेतलं यंत्र काढलेलं रक्त परत तरी घालतं. मी यांच्यातून जे काढलं, ते परत कुठून घालू?

पावसाळा सरल्यावर दोघं पुन्हा वाशीमला गेली. या खेपेला नळीतला वरचा भाग नितळ होता. डॉक्टर थक्क झाले. त्यांनी विचारलं, हे केलंत कसं? भगवंतरावांनी माफीची सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांनी समजावलं, ही चरबी तुपातेलाची, स्वभावाचा तिच्याशी काही संबंध नाही. तुमचा जीव मात्र त्या चालण्यानं वाचला, ते सोडू नका.

भगवंतरावांनी बायकोकडे वळून पाहिलं. आवडाबाई भिंतीकडे पाहत होत्या. बसस्टँडपर्यंत दोघं पायीच गेली.

एसटीत चढताना कंडक्टर खेकसला, “ए बुढ्या, मांगं सरक.”

भगवंतराव पायरीवरच थांबले. त्यांची मान ताठ झाली. “बुढा कोणाले म्हणतं रे? माह्यं रगत नळीत घालून पाह्य. तुह्यापेक्षा साफ निघन.” पुढचं जे बोलले, ते सगळ्या स्टँडनं ऐकलं.

आवडाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. शेजारच्या बाईनं घाबरून विचारलं, “काहून रडून राह्यल्या, बाई?”

“काई नाई,” आवडाबाई म्हणाल्या. “आमचं माणूस वापस आलं.”