घोडपाठीवरचं भरीत

"रविवारी कोरडगडावर जायचंय," प्रेमराजने चहा पिता पिता जाहीर केलं. "व्याही म्हणाले, हॉटेलात काय भेटायचं, गडावरच भरीत करू. विहीणबाईंना डोंगराची भारी हौस आहे म्हणे."

लेकीच्या, ऋतिकाच्या साखरपुड्याच्या साड्यांना पिन लावता लावता त्याच्या बायकोने, कोकिळाने स्वतःच्या बोटालाच पिन टोचून घेतली. मेहरूण तलावाच्या काठी उभं राहिलं तरी ती कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवायची. शाळेत विज्ञान शिकवताना ती गुरुत्वाकर्षणाबद्दल फार आदराने बोलायची, ते उगीच नव्हे.

"मला चक्कर येते, सांगा की त्यांना."

"सांगू? इथून चक्कर निघाली की धुळ्याला पोचेपर्यंत तिची फिट होते. मग म्हणतील, आईला आहे म्हणजे पोरीलाही असणार. साखरपुडा तोंडावर आलाय."

कोकिळाने दुसरी पिन उचलली. ऋतिकाने आजवर आलेली सगळी स्थळं कुणाच्या हसण्यावरून, कुणाच्या बुटांवरून मोडीत काढली होती. अखिल मात्र तिला आवडला होता. ही दुर्मिळ घटना आपल्या चकरेपायी वाया घालवायची कोकिळाची हिंमत नव्हती.

रविवारी गडाच्या पायथ्याशी दोन्हीकडचे आईबापच तेवढे जमले आणि पहिली लढाई ओझ्यावरून झाली. वरच्या मानाच्या विहिणीला मुलीकडच्यांनी ओझं उचलू द्यायचं नसतं, म्हणून कोकिळाने वांगी भाजायला आणलेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची मोळी स्वतःच्या पाठीला बांधली. विहीण दिपमालाबाईंनी वांग्यांची पिशवी काही केल्या सोडली नाही. व्याही जीवराम, निवृत्त इतिहास शिक्षक, काठी घेऊन पुढे झाले.

चढ संपला तिथे लढाईत आडोसा घ्यायचा एक पडका मोर्चा होता. कमरेएवढी दगडी भिंत आणि आत फरशी. तिथून पुढे डोंगराची धार सुरू होत होती. दोन्ही बाजूंना दरी, मध्ये बैलगाडीच्या चाकाला पुरेल एवढी वाट. हीच घोडपाठ. पलीकडच्या टोकाला तोफेचा बुरुज होता.

"या धारेमुळे गड कधी पडला नाही," जीवराम वर्गात बोलावं तसे बोलू लागले. "शत्रू इथपर्यंत यायचा आणि थांबायचा. पहारेकरी पार पलीकडे बुरुजावर. एरवी त्यांना माघारी बोलवायचं तर या मोर्च्यात धूर करायचे. हाक मारली तर वाऱ्यात ऐकूच जात नाही."

हे ऐकून कोकिळाला फार एकटं वाटलं.

दोन्ही पुरुष धारेवरून पुढे गेले आणि कातळाच्या वळणाआड दिसेनासे झाले. धारेच्या तोंडाशी दोघी विहिणी उरल्या.

"चला, तुम्ही पुढं व्हा," कोकिळा म्हणाली. "मान तुमचा."

"छे, छे. आता एकच घर आपलं. मानबिन काही नाही. तुम्ही व्हा."

"मुलाची आई मागं आणि मी पुढं? बरं दिसतं का ते?"

"इथं बघायला कोण आहे?"

शत्रू इथे का थांबत असावा, ते कोकिळाला आत्ता कळलं. त्यांच्यातही बहुतेक हेच चाललं असणार.

अखेर तिने एक पाऊल धारेवर टाकलं. पाठीवरच्या मोळीत वारा भरला आणि मोळी तिला दरीकडे ओढू लागली. गुरुत्वमध्य खाली आणला की वस्तू स्थिर होते, हे तिने कितीतरी वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं. त्या ज्ञानाला स्मरून ती मटकन खाली बसली.

"काय झालं?" मागून घाबरा आवाज आला.

"काही नाही. फुलं बघतेय." जवळपास फक्त एक वाळकं कुसळ होतं. "तुम्ही या ना."

"आले हं. लेस सुटलीय."

कोकिळा कुसळाकडे बघत राहिली. जरा वेळाने तिने पुन्हा हाक मारली. "येताय ना?"

"आले, आले. लेसच बांधतेय."

कोकिळाने अगदी सावकाश मान वळवली. विहीणबाई मोर्च्याच्या भिंतीला पाठ लावून बुटांवर वाकल्या होत्या. त्यांच्या बुटांना लेस नव्हतीच. नुसते पाय सारायचे बूट होते ते.

"दिपमालाबाई," ती म्हणाली, "खरं सांगा. भीती वाटतेय ना?"

दिपमालाबाईंनी बुटावरचा हात काढला.

"गच्चीवरचं वाळवणसुद्धा मी शेजारणीकडून काढून घेते हो! पण तुमच्या यजमानांनी यांना सांगितलं, तुम्हाला डोंगराची भारी हौस. पहिल्याच भेटीत नाही कसं म्हणायचं?"

"आणि मला सांगितलं, हौस तुम्हाला आहे!"

दिपमालाबाईंनी पोटावर पालथं पडून हात पुढे केला. कोकिळाने तो धरला आणि बसल्या बसल्या मागे सरकत मोर्च्यात आली.

"आता यांना कसं बोलवायचं? फोनला रेंज नाही."

"व्याही म्हणाले होते ना," कोकिळाने मोळी सोडली. "धूर."

फरशीवरचं गवत साफ करून त्यांनी पऱ्हाट्या पेटवल्या. पेटल्याच आहेत तर वांगीही टाकली. खरपूस वासाचा धूर धारेवरून बुरुजाकडे निघाला.

थोड्याच वेळात वळणाजवळून आवाज आला. व्याह्यांच्या बोलण्यातलं शिक्षकपण पार गळालं होतं आणि घरची बोली बाहेर आली होती.

"मन्ही माय व! प्रेमराजभाऊ, मना पाय धरा! सोडू नका!"

"डोळे उघडू का?"

"उघडू नका! खाले दरी शे!"

कातळाआडून आधी जीवराम आले, पाठमोरे बसून, बुडाने सरकत. त्यांचा पाय धरून, डोळे घट्ट मिटून प्रेमराज. ते बुरुजापर्यंत पोचलेच नव्हते. वळणापलीकडे पहिल्याच खडकाला मिठी मारून दोघे बसले होते आणि परत फिरायचं कुणी सुचवायचं, हे एकमेकांवर ढकलत होते.

मोर्च्यात पाय टेकताच जीवरामांनी कपडे झटकले. "धूर दिसला, म्हटलं बायका एकट्या आहेत. नाहीतर बुरुज काय, समोरच होता."

"अगदी हाताशी," प्रेमराज म्हणाला. त्याची पँट मागून पुरती विरली होती.

"मग जाऊन या की," कोकिळा वांगं उलटत म्हणाली. "भरीत व्हायला वेळ आहे अजून."

दोघांनी धारेकडे पाहिलं.

"नको," जीवराम म्हणाले. "गार भरीत काय कामाचं?"

"माले बठ्ठं माहीत शे, सगळं," दिपमालाबाई नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या आणि मिरच्या ठेचू लागल्या.

जेवणं होत आली तेव्हा त्या कोकिळाच्या कानाशी लागल्या. "अहो, तुम्ही विज्ञानाच्या. ही अशी भीती आईबापाकडून पोरांत उतरते का हो?"

एरवी या प्रश्नाने कोकिळाच्या तोंडचं पाणी पळालं असतं. तिने समोर बघितलं. दोन्ही व्याही भिंतीला चिकटून, दरीकडे पाठ करून भाकरी खात होते.

"उतरत असेल तर," ती म्हणाली, "नातवंडांना दोन्हीकडून मिळेल."

दिपमालाबाईंनी हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"मग साखरपुड्याचा तो हॉल बदलू या," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावर आहे."