गुणाचा अर्ज

भरमाला लोंढ्याच्या स्टेशनात कारकून व्हायचं होतं. गावात मॅट्रिक झालेला तो पाचवा. आधीच्या चौघांनी चिंतामणी मास्तरांकडचा एकच इंग्रजी अर्ज जसाच्या तसा उतरवून पाठवला होता आणि चौघांनाही नोकऱ्या लागल्या होत्या. वीस वर्षांपूर्वी खुद्द मास्तर त्याच अर्जावर शाळेत लागले होते. गावात त्याला गुणाचा अर्ज म्हणत आणि त्यातलं अक्षरही कोणी हलवत नसे.

अर्ज सगळा प्रेझेंट परफेक्टमध्ये होता. "साहेबाला हा काळ आवडतो," मास्तर म्हणाले. "गोष्ट होऊन गेली, पण परिणाम अजून शिल्लक आहे, असं दाखवायचं. आय हॅव पास्ड. आय हॅव सफर्ड. माय फादर हॅज डाइड."

"पर मास्तर, आमचा आप्पा जित्ता हाय की."

"त्या चौघांचे नव्हते काय रे? वडील काढलेस तर अर्जाचा गुण जाईल. मग जा निपाणीला, तंबाखूच्या वखारीत."

चौघांचेही वडील त्या घटकेला चावडीवर पान चघळत बसले होते, हे खरंच होतं. तरी भरमाचा जीव तुटला. पोराची शाळा बुडू नये म्हणून आप्पानं, म्हणजे नागोजीनं, सात वर्षं एकट्यानं शेत रेटलं होतं. अर्ज तसाच धाडू का, म्हणून भरमानं गावच्या रवळनाथाला कौल लावला. देवानं उजवा, म्हणजे होकाराचा, दिला. देवाला इंग्रजी येत नसावं, हे त्याला परतताना सुचलं. पण दिलेला कौल मोडायचा कसा?

मुलाखतीच्या दिवशी आप्पाचं तोंड बघायला नको म्हणून तो पहाटेच उपाशी निघाला.

गोऱ्या साहेबानं अर्ज वाचून विचारलं, "फादर?"

"हॅज डाइड," भरमा म्हणाला. वाक्य बिनचूक होतं, पण आवाज फाटला आणि डोळ्यांना धार लागली. साहेब हळहळला. त्यानं उठून भरमाच्या खांद्यावर हात ठेवला आणि कागदावर सही ठोकली.

एवढ्यात दार ढकलून नागोजी आत आला. गुडघ्यापर्यंत धूळ, हातात भाकरीचं फडकं. "न खाताच आलास व्हय रं?"

"ये कौन?" साहेबानं विचारलं.

भरमा बाहीनं डोळे पुसू लागला. साहेबानं नागोजीकडे वळून समजुतीच्या सुरात सांगितलं, "इस लडके का बाप मर गया. तुम चाचा है?"

नागोजीनं पोराकडे बघितलं. मग टेबलावरच्या सहीकडे बघितलं. शाई अजून ओली होती.

"न्हाय जी," तो म्हणाला. "शेजारी हाय."

"अच्छा आदमी. अब तुम इसका बाप बनो."

नागोजीनं भाकरी पोराच्या हातात दिली, पायताण दाराबाहेर शोधलं आणि मान खाली घालूनच म्हणाला, "जमतंय का बघतो, सायेब."