टिटवीची गोधडी आणि गोडबोल्या पोपट

एका जंगलात एक दुकान होते आणि मुलांनो, त्यात चक्क दुकानदारही असे. त्याचे नाव मुंगूसशेठ. तो गिऱ्हाइकावर खेकसायचा. पण वस्तू खराब निघाली, तर खेकसतच बदलून द्यायचा.

पुढे कोल्ह्याने ते दुकान घेतले आणि त्याचा मोठा बाजार केला. आत पोपट बसवला. मुंगूसशेठला दारावर पहाऱ्याला ठेवले. गिऱ्हाइकाशी बोलायचे नाही, एवढीच त्याला अट होती.

त्याच जंगलात टिटाबाई नावाची टिटवी राहत होती. तिच्या नवऱ्याला ससाण्याने नेले होते. उघड्या माळावर तिची चार अंडी होती. ती चरायला गेली की अंडी गार पडत. म्हणून तिने बाजारातून अंड्यांवर घालायची गोधडी आणली. घरी उलगडून पाहते, तर मधोमध भोक. चारही अंडी त्यातून बरोबर उघडी राहत.

ती उलट पावली बाजारात गेली. पोपट फार गोड बोलला. तुमचा त्रास आमच्यासाठी मोलाचा आहे, असे म्हणाला आणि त्याने तिला तळ्यापलीकडच्या कासवाकडे पाठवले.

कासवाने विचार करायला अर्धा दिवस घेतला. मग अंडी पुराव्यादाखल घेऊन या, असे सांगितले. अंडी हलवता येत नाहीत, असे ती म्हणाली. तर पिल्ले झाल्यावर त्यांनाच घेऊन या, असा मार्ग त्याने काढला.

ती पुन्हा पोपटाकडे आली. पोपटाला तिचा त्रास पुन्हा पहिल्यापासून समजला. आमच्या सेवेला पाचपैकी किती बोरे द्याल, असेही त्याने विचारले.

दोन दिवस असेच गेले. दिवसा हेलपाटे आणि रात्री अंड्यांवर बैठक. टिटाबाईच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. ती बाजाराच्या दारातच मटकन बसली. मुंगूसशेठने इकडेतिकडे पाहिले आणि अट मोडली.

"बाई, तुम्ही चरून या. तोवर मी बसतो अंड्यांवर."

"शेठ, तुम्ही अंडी खाता."

"खातो. पण दुसरा कोणी बसणारा आहे का?"

टिटाबाईने विचार केला. दुसरा कोणी नव्हता.

गिऱ्हाइकाशी बोलल्याबद्दल कोल्ह्याने शेठला त्याच दिवशी काढून टाकले. त्यामुळे त्याला वेळच वेळ झाला. रोज सकाळी तो येई आणि आपल्या उबदार पोटाखाली अंडी घेऊन बसे.

तिसऱ्या दिवशी टिटाबाई चरून परतली, तेव्हा तो मान खाली घालून उभा होता.

"एक खाल्लं, बाई. भूक आवरली नाही. चूक माझीच."

चौकशी करून कळवतो, असे तो म्हणाला नाही. कासवाकडे जा, असेही म्हणाला नाही. टिटाबाईने त्याच्या डोक्यावर चोचीने रक्त निघेपर्यंत टोचले. तो जागचा हलला नाही. टोचून दमल्यावर ती बराच वेळ रडली.

मग तिने विचारले, "उद्या येणार ना?"

"पोटभर जेवून येतो," तो म्हणाला.

उरलेल्या तिन्ही अंड्यांतून पिल्ले निघाली. अशी सेवा जन्मात मिळाली नव्हती, असे टिटाबाई जंगलभर सांगत सुटली.

तात्पर्य : अंडी खाणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हे खरेच. पण खाल्ले म्हणून तोंडावर सांगणारा भेटला, तर एक अंडे गेले तरी त्याला सोडू नये. बाकीच्यांकडे चारही जातात आणि वर आपल्यालाच बोरे द्यावी लागतात.