अप्पा मगदूम आणि अकरा मिनिटांचं डोंगल

आमच्या शाहूपुरीच्या गल्लीत कुणी आजारी पडलं की माणसं विचारतात, "आता कसं वाटतंय?" अप्पा मगदूम विचारतात, "लॉग हाय का?"

लॉग म्हणजे नोंद. यंत्र चालू असताना कुठल्या क्षणाला काय झालं हे ते आपलं आपणच ओळीनं लिहून ठेवतं, ती. अप्पांचं म्हणणं, जे यंत्राला जमतं ते माणसाला जमायला काय धाड भरली? माझ्या बायकोनं एकदा सहज तक्रार केली की दोन दिवस नळाला पाणी कमी येतंय. अप्पा म्हणाले, "किती वाजता? किती मिनिटं? परत तसंच झालं का? वैनी, एकदा झालं म्हंजे झालंच न्हाय. तीनदा करून दावा, मग बोलू." बायको आत गेली आणि तिनं भांड्यांचा असा काही आवाज काढला की त्याचा लॉग मला अजून तोंडपाठ आहे.

अप्पांनी जन्मभर आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बंगळूरला. घर जैनाचं, त्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं आणि मग पाण्याशिवाय तोंडात काही नाही. असा माणूस निवृत्त झाल्यावर बागेत फिरायला जाईल, नाहीतर कट्ट्यावर बसून राजकारण करील. अप्पांनी डोंगल धरलं.

डोंगल म्हणजे संगणकाला खोचायची ती बोटभर पट्टी. आत सिमकार्ड घातलं की इंटरनेट चालायचं. मोबाइल हाताशी आले तशी लोकांनी ती ड्रॉवरमध्ये टाकून दिली. अप्पांनी ती ड्रॉवर उचकून गोळा केली. गल्लीतली झाली, पाहुण्यारावळ्यांची झाली, गडहिंग्लजच्या एका लग्नात तर जेवणाच्या पंगतीत शेजारच्याला विचारून त्याच्या घरचं मागवून घेतलं. एक ट्रंक भरली. जगभरातली माणसं मिळून एक फुकटचं सॉफ्टवेअर बनवतात, त्याची नवी आवृत्ती आली की अप्पा ट्रंक उघडणार, एकेक डोंगल खोचून बघणार आणि कुठलं चालतंय, कुठलं नाही, ते त्या लोकांना कळवणार. पगार शून्य, मान शून्य आणि रुबाब कलेक्टरचा.

"हे डोंगल लबाड असतंय बघ," ते मला सांगायचे. "खोचल्या खोचल्या म्हणतंय, मी सीडी हाय. त्याला गोडीत सांगाय लागतंय, बाबा रे, तू सीडी न्हाईस, तू मोडेम हाईस. मग ते कामाला लागतंय."

"माणसासारखंच की," मी म्हणायचो.

"माणूस सांगून ऐकत न्हाय."

मी यात कसा अडकलो? इंग्रजीपायी. माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. माझं इंग्रजी पत्रिकेतल्या 'आहेर स्वीकारले जाणार नाहीत' इथपर्यंत. पण अप्पांचं तेवढंही नाही, म्हणून परदेशातल्या लोकांना धाडायची पत्रं माझ्या गळ्यात. त्या सगळ्या लोकांना अप्पा सरसकट 'पावणं' म्हणतात. "लिही, पावणं, तुमच्या नव्या आवृत्तीत हे पार गंडलंय." आता गंडलंय याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला अजून सापडलेलं नाही.

शिवाय त्यांची एक वही होती. रोजची तारीख, जोडलं किती वाजता, तुटलं किती वाजता आणि शेवटी शेरा. मी एकदा चाळली. ५.३० ते ५.४१, शेरा: भात राहिला. दुसऱ्या दिवशी ५.३० ते ५.४१, भात राहिला. पानंच्या पानं तेच. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, म्हातारा कामातनं गेला. मोडेमच्या वहीत भात लिहितोय. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही मी हा किस्सा रंगवून रंगवून सांगायचो आणि माणसं हसायची.

मग पावण्यांचं ते पत्र आलं. अप्पांच्या ट्रंकेतलं एक काळं, जाडं डोंगल होतं. त्याचा जोडीदार मलकापूरच्या पुढं, डोंगरातल्या एका वाडीवर अप्पांच्या थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं होता. वाडी पडली दरीत. तिथं दुसरं कुठलंच यंत्र सिग्नल धरत नाही, हे एकटं धरतं, तेही कौलावर बांबूला बांधलं तर. नव्या आवृत्तीपासून अक्काकडचं ते डोंगल अकरा मिनिटं चालायचं आणि परत सीडी व्हायचं. अप्पांनी तक्रार केली होती. पावणा म्हणाला, "आमच्याकडं तर नीट चालतंय. हे फार जुनं यंत्र आहे, कुणी वापरत नाही. पुढच्या आवृत्तीत याचा आधार, म्हणजे हे चालवायची सोय, काढून टाकतोय. कुणी वापरत असेल तर महिनाअखेरपर्यंत बिघाड परत घडवून त्याचा लॉग पाठवा. आणि हे कशासाठी वापरता तेही कळवा."

हे वाचून मला इतका आनंद झाला की काय सांगू! सगळ्या गल्लीला पुरावा मागणाऱ्या माणसाला जगाच्या पलीकडनं कुणीतरी विचारलं होतं, लॉग हाय का?

"बघा की अप्पा," मी म्हटलं, "एकदा झालं म्हणजे झालंच नाही!"

अप्पा हसले नाहीत. "हे काढलं तर अक्काचं बंद पडलं," म्हणाले.

"पडू दे की. बहिणीशी बोलायला फोन नसतो का? तिथं टेकडीवर येते की रेंज."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं वर्गात सोल्डरिंगची कांडी उलटी धरणाऱ्याकडं बघत असतील. अप्पांनी त्यांच्या घरात दहादा ते काळं डोंगल चालवून बघितलं. शाहूपुरीत सिग्नल भरपूर, तिथं कशाला तुटतंय! बिघाड घडायचा तो फक्त दरीत. म्हणजे अप्पांनी तिकडं जायचं, लॉग धरायचा आणि इकडं त्यांच्या खुर्चीत कुणीतरी बसायचं.

"तू बस," अप्पा म्हणाले. "बरोबर साडेपाचला. आणि जेवायचं."

"काय?"

"ताट करून ठेवतो. भाकरी, आमटी, भात, ताक. वाढून घ्यायचं आणि यंत्राम्होरं बसून जेवायचं."

"अप्पा, मी नऊला जेवतो!"

"टेस्ट हाय सुऱ्या. रोज जसं होतंय तसंच झालं पायजे. रोज ताट असतंय तर आज बी ताट पायजे. ताट काढलं आणि बिघाड झाला न्हाई, मग पावण्याला काय तोंड दावू?"

सकाळच्या एसटीनं म्हातारा मलकापूरला गेला, पुढं वडापच्या जीपमधनं वाडीवर. मी साडेपाचला दुकान बायकोवर टाकून त्यांच्या घरात ताट घेऊन बसलो. लाज वाटत होती. मनात म्हटलं, हे कुणाला कळलं तर लोक पत्रिका छापायला दुसरीकडं जातील.

पडदा उजळला. समोर एक वाळकी, पिकल्या केसांची बाई, पुढ्यात ताट. मागं जमिनीवर अप्पा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले, आमच्याकडं बघायलाही तयार नाहीत.

"नमस्कार अक्का!" मी म्हटलं.

बाई बघत राहिली. मी मोठ्यानं म्हटलं. नंतर ओरडलोच. तेव्हा अप्पांनी एका कागदावर काहीतरी खरडलं आणि पडद्यासमोर धरलं. *बोंबलू नको. तिला ऐकू येत न्हाय. जेव.*

मला माझंच बोलणं आठवलं, फोन नसतो का म्हणून. मान खाली घालून भाकरी मोडली.

अक्का माझ्या हाताकडं बघत होती. मी घास तोंडात घातला, तेव्हा तिनं तिचा घातला. मग माझ्या वाटीकडं बोट दाखवलं आणि हातानं विचारलं, एवढीच? मी आमटी आणखी घेतली. ती खुदकन हसली. परक्या माणसाला जेवताना बघून कुणी इतकं खूश होतं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरी मी काय खातो हे मलासुद्धा कळत नाही, मी पेपर वाचत असतो. अक्कानं भात घेतला, मी भात घेतला. तिनं कालवायला हात घातला आणि पडदा थिजला. घड्याळात पाच वाजून एक्केचाळीस मिनिटं.

मी थांबलो. पडदा काही हलेना. अर्ध्या तासानं अप्पांचा टेकडीवरनं फोन आला, धापा टाकत होते.

"सुऱ्या, लॉग गावला! लख्ख! अकरा मिनिटांनी ते सॉफ्टवेअर यंत्राला विचारतंय, हाईस का? दरीत उत्तर यायला उशीर होतोय, तर ते समजतंय मेलं, आणि पार उठवून बसवतंय! उठलं की ते परत सीडी!" मग जरा थांबून म्हणाले, "तुझा भात झाला का?"

"नाही. तुटलं की मधेच."

"अक्काचं बी रोज असंच." वारा भणभणत होता, तरी मला ऐकू येत होतं. "आई गेली तवा मी आठ वर्षांचा. शाळंतनं यायला उशीर झाला तर अक्का दारात उभी ऱ्हायची, मी ताटावर बसल्याबिगार घास घेत नव्हती. आता बी तसंच. मी पडद्यावरनं गेलो की ती ताटावर हात आवरून बसतिया, परत दिसंल म्हणून. तंवर दिवस मावळतोय. दिवस मावळला की ती खात न्हाय. आज मी शेजारी हाय म्हणून जेवली. इतर दिवशी भात ऱ्हातोय, सुऱ्या. रोज ऱ्हातोय."

त्या वहीवर मी किती हसलो होतो आणि कुणाकुणाला हसवलं होतं, ते एकेक तोंड डोळ्यांपुढं आलं. आपलीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पत्र लिहायला बसलो. 'कशासाठी वापरता' या रकान्यात मी झोकात लिहिलं, ग्रामीण भागाच्या डिजिटल सक्षमीकरणासाठी. अप्पांनी अर्थ विचारला. मी सांगितला.

"खोड ते. कुणाचं काय सबळ केलंय आपण? लिही, बहिणीसंगं जेवायला. जेवण अर्ध्या तासाचं हाय, डोंगल अकरा मिनिटांचं हाय. एवढंच."

आठवड्याच्या आत पावण्याचं उत्तर आलं. आधार काढत नाही, उत्तराला जास्त वेळ थांबण्याची सोय केली आहे, तपासून सांगा. खाली एक प्रश्न होता: दिवस मावळल्यावर का जेवत नाही? त्याचं उत्तर अप्पांनी माझ्याकडनं तीन पानं लिहून घेतलं. पावणा आता जन्मात असला प्रश्न कुणाला विचारणार नाही.

परवा संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडं गेलो. ताट धुऊन पालथं घातलेलं होतं आणि अप्पा वही घेऊन बसले होते. मी वाकून वाचलं. ५.३० ते ५.५९. शेरा: भात झाला. ताक पण.

"अप्पा," मी म्हटलं, "एकदा झालं म्हणजे झालंच नाही. तीनदा करून दाखवा."

"दावतो की," अप्पा म्हणाले आणि उद्याच्या तारखेखाली रकाने आखायला लागले.