पुडीची घडी

चार म्हाताऱ्या माणसांना भर उन्हाळ्यात घरात गुंतवून ठेवायचं, आणि तेही त्यांना पत्ता लागू न देता, हे काम माझ्याशिवाय कोणालाही जमलं नसतं, असं त्या मंगळवारपर्यंत माझं प्रामाणिक मत होतं! खरं तर मला एकट्या आईलाच अडवायचं होतं. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना ती छत्री न घेता बाहेर पडायची आणि चक्कर आली की कोणाच्या तरी पायरीवर बसून राहायची. म्हणून मी एक पुस्तक आणून कागदाच्या घड्यांचा वर्ग काढला. तिच्याच खोलीत, कूलरसमोर, रोज दुपारी दोन ते पाच. विषय उन्हाळ्याचे: पंखा, छत्री, मासा, शिडाची होडी, कलिंगडाची फोड.

आईखेरीज तीन विद्यार्थी शेजारचे. मास्तर गणिताचे, कोपरा केसभर सरकला तरी कागद बाद करायचे. शिवणकाम करणाऱ्या मावशी घडी घालण्याआधी कागदाला टाचण्या लावायच्या. ड्रायव्हरकाकांनी पस्तीस वर्षं बस चालवलेली. आता ते काठी टेकत चालायचे आणि काहीही करायला दिलं तरी त्यांची शेवटी बसच व्हायची.

आणि आई. दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होती. औषधाच्या पावडरीच्या लाखभर पुड्या तिच्या हाताखालून गेल्या असतील. त्यामुळे मासा असो की होडी, शेवटचं टोक ती दुमडून कागदाच्याच खिशात खोचायची आणि अंगठ्याच्या नखाने खर्रकन दाबायची. तिचा मासा दिवसातून तीनदा, जेवणानंतर घ्यायचा असल्यासारखा दिसायचा!

"आई, ही घडी पुस्तकात नाही," त्या मंगळवारी मी म्हणाले.

"पुस्तकातला मासा सुटतो. माझा सुटतो का बघ."

"पुन्हा कर. पुस्तकाप्रमाणे."

मास्तर, मावशी, काका तिघंही एकदम खाली बघायला लागले. आईने मासा उलगडला आणि पुस्तकाप्रमाणे केला. बुधवारी सकाळी ती उठली नाही.

वर्ग बंद झाला. तिघांना मी सांगून टाकलं, आता येऊ नका. आईला सांभाळायला नोकरी सोडून आले, असं मी दहा ठिकाणी सांगितलेलं होतं. आता सांभाळायला कोणी नव्हतं आणि दुपार तर रोज उजाडायची! घरात बसवेना, म्हणून मी दुपारी एक वाजता वाचनालयात जायचे ती सहाला परतायचे.

आई गेल्यावर बरोबर नवव्या दिवशी साखरेच्या डब्यात मासा सापडला.

जुना असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी दात घासायच्या ग्लासात छत्री. तिसऱ्या दिवशी माझ्या घरच्या स्लिपरमध्ये होडी, टोक अंगठ्याकडे करून, निघायच्या तयारीत. मी चार पुस्तकं वाचलेली बाई आहे. भुताच्या गोष्टी मी कपाट भरून वाचल्या आहेत आणि एकीवरही विश्वास ठेवलेला नाही. पण प्रत्येक वस्तूचं शेवटचं टोक दुमडून खिशात खोचलेलं होतं. पुडीची घडी! ती कुठल्याच पुस्तकात नव्हती.

मी कुलूपवाल्याला बोलावलं. त्याने दाराला कान लावला, किल्ली तीनदा फिरवली.

"कुलूप शाबूत आहे, ताई. कोणी आलं असेल तर किल्लीनेच आलंय."

"किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्याकडे, एक आईकडे."

"मग आईंना विचारा की!"

आईची किल्ली शोधली. घरात कुठेच नव्हती.

जिन्यात मावशी भेटल्या, तेव्हा सहज विचारावं तसं विचारलं. त्यांचा चेहरा पडला. "अगं, कागद तो. वाऱ्याने उडाला असेल."

"साखरेच्या डब्यात? झाकण लावलेल्या?"

"वारा फार सुटलाय हल्ली," म्हणत त्या गुडघेदुखी विसरून पायऱ्या उतरल्या.

पान हलत नव्हतं हो!

मग एका संध्याकाळी माझ्या उशीवर पंखा होता. पिवळा, बारीक चुण्यांचा. मी तो उचलला तेव्हा त्याच्या टोकावरची खूण, नखाने दाबल्याची, अजून ताजी, चकचकीत होती. मी भिंतीला पाठ लावून बराच वेळ उभी राहिले. घाबरले होते, हे खरंच. पण दुसरी भीती त्याहून मोठी होती: हे थांबलं तर? ती घरात असावी, एवढंच मला हवं होतं. ती आहे की मला वेड लागतंय, ते मात्र मला कळायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी निघताना मी आईच्या टाल्कम पावडरचा अख्खा डबा बोळकांडीत, दारापासून तिच्या खोलीपर्यंत रिता केला. घरभर तिचाच वास झाला. डोक्यावर उन्हासाठी तिची पांढरी ओढणी, डोळ्यांवर तिचाच काळा चष्मा. बाहेर पडले, आणि सहाऐवजी चारलाच परतले.

कुलूप जसंच्या तसं. आत अंधार, पडदे मी ओढून गेले होते. चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून पाहिलं.

पावलं होती. अनवाणी. त्यांच्या शेजारून नाण्याएवढे गोल ठसे, एकामागोमाग एक, जणू एका पायाने लंगडत कोणी गेलंय. सगळी आईच्या खोलीच्या दिशेने. मी तीनदा तपासलं. परत येणारं एकही पाऊल नव्हतं!

तेवढ्यात बंद दाराआडून आवाज आला.

खर्र.

मग थांबून पुन्हा. खर्र.

एक पाऊल टाकलं आणि माझ्याच पावडरवरून अशी घसरले, की पोटावर झोपून, मैद्यात घोळलेल्या वड्यासारखी, थेट तिच्या दारावर आदळले! दार उघडलं. मी उठले. केसांपासून पायांपर्यंत पांढरी, ओढणी तोंडावर, चष्मा पुन्हा नाकावर.

कूलरसमोर तीन पांढरी डोकी होती. ओले पंचे गुंडाळलेली.

चौघांनीही एकदमच किंचाळून घेतलं!

"बाई!" मास्तर टेबलाखाली जात ओरडले. "रोज येतोय हो आम्ही! तुम्ही सांगितलंत तसंच! एक दिवस खाडा नाही!"

"पोरीला एकटं पडू देऊ नका म्हणालात," मावशी हात जोडून म्हणाल्या, "म्हणून तर किल्ली दिलीत ना मला! रोज एक वस्तू ठेवतो. ती उठते, शोधते, चिडते. चिडली की जेवते तरी! घडीसुद्धा तुम्ही शिकवलीत तीच घालतो, बाई!"

"आणि खरं सांगायचं तर," ड्रायव्हरकाका काठी ढालीसारखी धरून म्हणाले, "तुमचा कूलर फार चांगला आहे."

मी ओढणी बाजूला केली. "मी आहे."

मग मास्तर टेबलाखालूनच म्हणाले, "तरीच! म्हटलं, घरात धूळ केवढी साचलीय!" तिघांच्या चपला कोपऱ्यात होत्या, पिशवीत नीट बांधून.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मी परत आल्यावर तीन आठवडे पलंगावरून उठले नव्हते, तेव्हा आई भर उन्हात या तिघांच्या दारी गेली होती. पोरीच्या डोक्यात मीच काहीतरी वर्ग काढायचं घातलंय, तुम्ही फक्त येऊन बसा, म्हणाली होती. कोण कोणाला गुंतवून ठेवत होतं, ते माझ्याशिवाय सगळ्या जिन्याला ठाऊक होतं!

"पण उशीवर ठेवायचं काही कारण होतं का?" मी डोळे पुसत विचारलं. "तो पिवळा पंखा बघून माझा जीवच गेला."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"उशीवर?" मावशी म्हणाल्या. "तुझ्या झोपायच्या खोलीत नाही गं पाऊल टाकत आम्ही. बाईंनी बजावलं होतं."

"पंखा अजून केलाच नाही आम्ही," मास्तर म्हणाले. "चुण्या सारख्या येत नाहीत."

"माझी तर बसच होते," काका म्हणाले.

कूलरचं पाणी ठिबकत होतं. कोणी कागदाला हात लावेना.

"आईने कधी विचारलं नाही मला," मी म्हणाले. "काय झालं, का आलीस. एकदाही नाही."

"वाट बघत होती," मावशी म्हणाल्या. "तू सांगशील म्हणून."

"मग सांग की आता," ड्रायव्हरकाका म्हणाले. "आम्ही कान बंद करतो." आणि तिघांनी खरोखरच कानांवर हात ठेवले. मास्तरांनी बोटांमध्ये थोडी फट ठेवली, ती मला दिसली.

मी कोणाकडेच न बघता म्हणाले, "आई, नोकरी मी सोडली नव्हती. तिथे बसल्या बसल्या मला रडू यायचं आणि थांबायचं नाही, म्हणून त्यांनी घरी पाठवलं. तुला सांभाळायला मी आलेच नव्हते गं. मला तू हवी होतीस."